सेहेचाळीस मिलिमीटर

सोमवारी सकाळी साडेदहाला बिरदेव गवंडी पातळी बघायची गुंडाळलेली पाण्याची नळी खांद्यावर टाकून साइट ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. आत स्वप्नाली कोळेकर दुसऱ्या दिवशीच्या काँक्रीटचं वेळापत्रक तिसऱ्यांदा तपासत होती. फोर्जिंग प्रेसचा पाया ओतायचा होता. एकशे ऐंशी घनमीटर, सलग अकरा तास. मध्ये खंड पडला तर तिथे सांधा राहतो, आणि दिवसभर घाव घालणारी प्रेस वर्षभरात तो उघडते. म्हणून दोन पंप, तिसरा राखीव, कराडहून निघणाऱ्या प्रत्येक मिक्सरची वेळ, सगळं कागदावर होतं. तरी रविवारी तिला जेवण गेलं नव्हतं.

उंब्रजपासून आत, उसाच्या पट्ट्यात, ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणारा हा कारखाना उभा राहत होता. एकतीस वर्षांच्या स्वप्नालीला पूर्ण साइट पहिल्यांदाच मिळाली होती. तिचा बाप हरिबा आटपाडीकडचा मेंढपाळ. दिवाळीनंतर मेंढरांची खांडं घेऊन तो याच भागात उतरायचा, खतासाठी उसाच्या रानात मेंढरं बसवायचा. तिने कराडला हॉस्टेलवर राहून इंजिनिअरिंग केलं, मग सात वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढली. साइटवर तिला कुणी ताई म्हणत, कुणी मॅडम. माती उपसणाऱ्या अकरा बायका तिच्याच गावच्या होत्या. त्यांची मुकादम रंगुबाई तिला सगळ्यांदेखत ‘पोरी’ म्हणे.

बिरदेव म्हणाला, की पश्चिमेच्या आणि पूर्वेच्या रांगेतल्या खांबांचे चौथरे एका पातळीत नाहीत. त्याने सहज नळी लावून पाहिली, तर दोन बोटांचा फरक आला. स्वप्नाली म्हणाली, सगळे चौथरे लेव्हल मशीनने घेतलेत, नळीत हवा असेल.

“मशीन तुमचं, नळी माजी,” बिरदेव म्हणाला. “पर ताई, पाणी काय माज्या पावण्यातलं न्हाई.”

ती हसली, पण कामाची नोंदवही पुढे ओढली. पश्चिमेची रांग दसऱ्याआधी ओतलेली होती, पूर्वेचे सहा चौथरे दिवाळीनंतर. मधल्या काळात काय बदललं, ते तिला आठवेना.

साइटवरची प्रत्येक उंची एका दगडावरून मोजली जात होती. सर्व्हेअरने सुरुवातीलाच फाटकाजवळ चौकोनी दगड मुरमात रोवून त्यावर लाल रंगाची खूण केली होती. तो पक्का राहावा म्हणून भोवती काँक्रीट करायचं ठरलं होतं. खबरदारी म्हणून दुसरी खूण ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर होती. दर पंधरा दिवसांनी दोन्ही ताडून पाहायच्या, असा नियम स्वप्नालीनेच लिहिला होता. दिवाळीच्या सुट्टीने काम मागे पडलं आणि गेल्या दोन्ही वेळची तपासणी तिनेच पुढे ढकलली होती.

तिने मशीन स्वतः उचललं, मोरीपासून पातळी घेत आली. फरक सेहेचाळीस मिलिमीटर. तिने सगळं उलट्या बाजूने पुन्हा घेतलं. सेहेचाळीसच. दगड वर आला होता. त्यावरून घेतलेले सहा चौथरे तेवढेच उंच झाले होते, आणि उद्या ओतायच्या पायातले, प्रेस बसवायचे बोल्टही.

दगडाशी ती उकिडवी बसली. भोवती सिमेंट नीट घोटलेलं होतं. दिवाळीहून परत आल्यावर तिने ते लांबूनच पाहिलं होतं आणि बिरदेवला सांगितलेलं काम त्याने केलं असं समजून यादीत खूण केली होती. आता लाल रंगावर पिवळा भंडारा दिसत होता. सिमेंटच्या कडेतून शहाबादी फरशीचा कोपरा डोकावत होता.

तिने रंगुबाईला बोलावून, दगड कुणी हलवला, असं विचारलं. रंगुबाईने काही लपवलं नाही. डंपरची चाकं अगदी जवळून जायची, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत बायकांनी मिळून दगड काढला, खाली फरशी घातली, सिमेंट लावून पक्का केला.

“देवाला चाकाखाली ठिवायचा व्हय?” ती म्हणाली.

“आत्या, देव कुणी सांगितला?”

“आगं, खंडेनवमीला तूच की भंडारा व्हायलास. आमी समद्यांनी बघितलं.”

ते खरं होतं. खंडेनवमीला मिक्सर, थाप्या, लेव्हल मशीन सगळ्यांची पूजा झाली. हातात भंडारा उरला होता. दगडही अवजारच, अशा हिशेबाने तिने चिमूटभर त्याच्यावर टाकला. घरी बिरोबापुढे टाकतात तसा. मेंढरांमागे फिरणाऱ्या माणसांचा देव रानात असाच सापडतो. भंडारा दिसला की पुढे काही विचारायचं नसतं. हे तिला माहीत होतं. तिचंच घर ते.

प्रोजेक्ट हेड शंभूराज थोरात दुपारी साताऱ्याहून आले. ऐकून घेतलं, पायाच्या खड्ड्यात उतरले, टेप लावली. बोल्टची चौकट सोडून खाली घ्यायला दोन दिवस लागणार होते, पूर्वेच्या चौथऱ्यांचा वरचा थर फोडायला आठवडा. काँक्रीट गुरुवारवर गेलं. परदेशातून निघालेली प्रेस जानेवारीत पोचणार होती, त्याआधी पाया पाणी मारून पक्का व्हायला हवा होता. हातातले राखीव दिवस आता संपले होते.

थोरात चिडले नाहीत, त्यामुळे स्वप्नालीला जास्त भीती वाटली. मालकांना कारण कळवावं लागेल, असं ते म्हणाले. दोष सर्व्हेअरच्या एजन्सीवर घालू, नाहीतर त्या अकरा बायकांना उद्यापासून कामावरून बंद करू. दगड त्यांनीच हलवला, त्यात खोटं काही नाही. शिवाय पुढच्या टप्प्याचं काम तिलाच द्यायचं त्यांच्या मनात होतं.

बाहेर चौथरा फोडायला सुरुवात झाली होती. एजन्सीचं नाव लिहिणं सगळ्यात सोपं होतं. त्यांच्या सर्व्हेअर पोराला साइटवरचं कुणी ओळखतही नव्हतं.

“सर, भंडारा मी टाकला. न बघता यादीत खूण मी केली. तपासणी दोनदा मीच टाळली,” ती म्हणाली. “कारण लिहायचं तर हे तीन लिहा.”

“तुम्हाला साइट नकोय का?”

“हवीय.”

थोरातांनी तिच्याकडे पाहिलं, मग लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. तुम्हीच लिहा, म्हणाले. तिने नऊ ओळी लिहिल्या. भंडारा हा शब्द मालकांना कसा समजावा, यावर तिचा हात अडला. शेवटी तसाच ठेवला.

गुरुवारी सकाळी सहाला पहिला मिक्सर फाटकातून आत आला. दोन दिवस बोल्ट खाली घेताना तिने एकेक बोल्ट चार वेळा तपासला होता, दर वेळी मोरीपासून. तरी पंपाची नळी पायाच्या खड्ड्यात उतरली तेव्हा ती पुन्हा मशीनशी गेली. मालकांचं उत्तर आदल्या संध्याकाळी आलं होतं: आराखड्यावर यापुढे थोरातांची सही लागेल, आणि श्रीमती कोळेकर पुढील सूचनेपर्यंत साइटवर राहतील. सूचना कधी येईल, हे लिहिलं नव्हतं.

पायाच्या काठावरून बिरदेवने हाक मारली, चालू करू का म्हणून. तिने मशीनला डोळा लावून बोल्टची पातळी आणखी एकदा पाहिली, आकडा वहीत लिहिला आणि हात वर केला.