मौनाचे सोमवार

श्रावणातले सोमवार मी मौनाने धरले ते काही महादेवासाठी नव्हे, हे आधीच सांगून टाकते. घरातला आवाज सहन होईना म्हणून धरले.

नांदेडात आमचं घर एका मंगल कार्यालयाच्या मागच्या गल्लीत आहे. लग्नसराई संपली तरी तिथे वाढदिवस असतात, डोहाळजेवणं असतात, आणि सगळ्यांना डीजे लागतो. घरात सासूबाईंची मालिका चालू. आमचे हे फोनवर बोलतात ते स्पीकर लावून, जणू पलीकडचा माणूस सगळ्या गल्लीच्या नात्यातला आहे. मी शाळेत शिकवते. दिवसभर पोरांचा कालवा ऐकून घरी यावं तर हे असं. "जरा वेळ गप बसा ना सगळे," म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, "आता आम्ही काय केलं? घरात बोलायचं बी न्हाई का?"

लेक बारावीनंतर लातूरला क्लासला गेली, तेव्हापासून तिची वरची खोली रिकामीच होती. पण तिथे दार लावून बसायची सोय नव्हती. लगेच कुणीतरी वर येणार. बरं नाही का? कुणी काही बोललं का? आमच्याकडे नुसतं एकटं बसायलाही कारण लागतं.

कारण माहेरानं दिलं. मुखेडकडच्या आमच्या गावात बायका श्रावणी सोमवारचा उपास मुक्यानं सोडतात. ताटावर बसलं की एक शब्द नाही. चुकून बोललं तर हात धुवून अर्धपोटी उठायचं. मी तो नेम सोयीनं ताणला. श्रावणी सोमवारी आमची शाळा अर्धीच असते. घरी सांगितलं, लेकीलाही फोनवर सांगितलं, यंदा शाळेतून आल्यापासून उपास सुटेपर्यंत मी बोलणार नाही, नवस आहे. कसला नवस, असं सासूबाईंनी विचारलं. "लेकीच्या परीक्षेचा," मी म्हणाले. खोटं इतकं पटकन तोंडात आलं की माझं मलाच नवल वाटलं.

पण काय फरक पडला म्हणून सांगू! टीव्हीचा आवाज उतरला. हे फोन घेऊन गच्चीवर जाऊ लागले. मी वरच्या खोलीत खिडकीशी बसायचे, समोरच्या लिंबाकडे बघत. काही वाचायचं नाही, काही आठवायचं नाही. किती वर्षांनी माझा मीच श्वास ऐकला असेल. दुसऱ्या सोमवारी शेजारच्या बाई वर आल्या आणि चक्क माझ्या पाया पडल्या. "लेकरासाठी आई किती करून राहिली बघा," असं खाली जाऊन सासूबाईंना म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंड बंद, त्यामुळे नाही म्हणायचीही सोय नव्हती. तरी ती शांतता काही मी सोडली नाही. खरं तर बाई खाली गेल्यावर मी दाराला आतून कडी घातली.

लेकीला मी रोज संध्याकाळी फोन करायचे. टेस्टला किती पडले, जेवलीस का, रात्री किती जागलीस, मैत्रिणीला तुझ्यापेक्षा जास्त कसे पडले. ती हो म्हणायची, ठीक म्हणायची. तिचं 'ठीक' संपायच्या आत माझा पुढचा प्रश्न तयार असायचा. माझा आवाज शाळेच्या मैदानापलीकडे जातो, असं पोरं म्हणतात. फोनमध्ये तो किती मोठा होत असेल, देव जाणे. तेव्हा मात्र मला वाटायचं, आपण लेकीशी किती बोलतो, बाकीच्या आया कुठे एवढं बोलतात!

ती स्वतःहून कधी फोन करत नसे. पण पहिल्याच सोमवारी दुपारी मी खिडकीशी बसलेली असताना तिचा फोन आला. मी कापला आणि मेसेज टाकला, मौन आहे, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी विचारलं, "काय गं, काय काम होतं?" "काही नाही," ती म्हणाली. मग मीच तिला सुनावलं, तुझ्यासाठीच नवस केलाय आणि तुलाच त्याचं भान नाही म्हणून. खोटं बोलायचं आणि वर तेच तिच्या डोक्यावर ठेवायचं, हे मला जमलं. पुढच्या सोमवारी पुन्हा तिचा फोन. पुन्हा कापला. त्याच्या पुढच्या सोमवारी मी फोन खालीच ठेवला, ज्वारीच्या डब्यात, वाजला तरी ऐकू येऊ नये म्हणून. संध्याकाळी काढून बघितला. तिनं केला होता. त्यानंतर तिचा सोमवारी फोन आला नाही, आणि मला बरं वाटलं. शहाणी झाली, म्हटलं.

श्रावण सरला आणि तिच्या हॉस्टेलच्या रेक्टरबाईंचा फोन ह्यांना आला. मुलगी क्लासला जात नाही, खोलीतच पडून असते, एकदा येऊन जा. आम्ही तसेच निघालो. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, आणि सगळ्या वाटेत मी मनातल्या मनात बोलत होते. तिला काय काय सांगायचं ते सगळं जुळवून ठेवलं.

तिच्या खोलीत शिरले तर ती भिंतीला टेकून बसलेली. हडकली होती. हे चपला काढेपर्यंत माझा पट्टा सुरू झाला होता. पैसे, मेहनत, आजी काय म्हणेल, लोक काय म्हणतील. हे "मी पाणी आणतो" म्हणून बाहेर सटकले. ती ऐकत राहिली. शेवटी मी म्हणाले, "इतकं होतं तर सांगायचं नाही? रोज फोन करते ना मी? आणि तू करणार तो नेमका सोमवारी, मी बोलत नाही हे माहीत असताना."

"म्हणून तर करत होते," ती म्हणाली. "मला वाटलं, त्या दिवशी तू उचलशील आणि काही बोलणार नाहीस. नुसतं ऐकशील."

मी खाटेच्या कडेला बसले. मी म्हणाले, "मग आता सांग. ऐकते मी, एक शब्द बोलणार नाही."

"आता नको, आई. रेक्टर मॅडमला सगळं सांगून झालंय. पुन्हा पुन्हा नाही सांगता येत."

ती कूस वळवून आडवी झाली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो तिनं काढला नाही, पण वळलीही नाही. मग मी जिना उतरून खाली गेले, आणि माझ्या लेकीला काय होतंय, हे एका परक्या बाईला विचारलं.