तीनशे पोरं आणि माझी छडी

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच तुम्ही, पण निदान चहा खाली ठेवून हसा!

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा मी कर्जतच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवत होतो. पण जीव सगळा गाण्यात. 'शाळेत गाण्याचा तास ठेवा, मी शिकवतो,' म्हणून मी हेडमास्तरांचं डोकं खात असे. शेवटी ते वैतागले.

"झेंडावंदनाला कर्जत-खालापूरच्या सगळ्या हायस्कुलांतली मुलं एकत्र आणा. एका सुरात गायली, तर तास तुमचा. नाही गायली, तर मरेपर्यंत भूगोल!"

मग काय! गाणं मीच रचलं, चालही मीच लावली. पेटी डोक्यावर घेऊन महिनाभर शाळा-शाळांतून हिंडलो. मी एक टाळी वाजवली की पोरांनी सुरुवात करायची, एवढं साधं ठरलेलं. पोरं इतकी गोड गात होती, की मलाच स्वतःचं कौतुक वाटायला लागलं. आणि तिथंच घात झाला.

मुंबईला एकदा मी एक बँडमास्तर पाहिला होता. हातात काठी, ती वर गेली की पन्नास वाद्यं एकदम सुरू! म्हटलं, टाळ्या काय कुणीही वाजवतो. आपण ऐन समारंभात असंच करायचं. तालीम? छे हो! एवढ्याशा गोष्टीला तालीम कशाला?

तो दिवस उजाडला. पाऊस होता म्हणून कार्यक्रम भाताच्या गिरणीच्या शेडमध्ये. समोर मामलेदारसाहेब, मागे कडाव-कशेळ्याहून आलेली माणसं, आणि माझ्यापुढे तीनशे पोरं. मी ऐटीत वर्गातली छडी काढली आणि उंच धरली.

शेड चिडीचूप!

आता तुम्हीच सांगा, आमच्याकडे मास्तरांची छडी वर गेली की पोरं काय करतात? गप्प बसतात! हे मला, दहा वर्षं छडी उगारणाऱ्या माणसाला, सुचू नये?

मी छडी जोरात हलवली. पोरं आणखी ताठ झाली. मी डोळे वटारले, छडी सपसप फिरवली. तशी पहिल्या रांगेने मुकाट्याने हात पुढे केले!

एवढ्यात मामलेदारसाहेब गंभीर चेहऱ्याने उठले आणि मान खाली घालून उभे राहिले. त्यांना वाटलं, हुतात्म्यांना श्रद्धांजली चाललीय. साहेब उठले म्हणून अख्खी शेड उठली. मागून दोन म्हातारे कुजबुजले.

"कोन गेलं रं?"

"ठाव नाय. पन मोटं मानूस आसंल. मास्तर बग कसा थरथरतोय!"

थरथरत होतो हे खरं. डोळ्यांपुढे जन्मभराचा भूगोल दिसत होता! शेवटी छडी टाकली आणि 'साहेब, चुकलो' म्हणायला हात जोडले. घाबऱ्या घाबऱ्या जोडले, तर फट्‌कन आवाज झाला.

टाळी! तीनशे गळे एकदम सुटले. काय सूर, काय ताल! पत्रे दणाणले हो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

इथं गप्प उभं राहायचं की नाही? पण नाही! म्हटलं, आता सुरू झालंच आहे, तर थोडं बँडमास्तरासारखं… आणि मी छडी उचलली.

दुसरं कडवं अर्ध्या शब्दावर बंद! साहेब बसता बसता पुन्हा उभे राहिले.

हेडमास्तर ताडताड आले. माझ्या हातातली छडी घेतली, दंड धरून मला बाकावर बसवलं आणि स्वतः टाळी वाजवली. गाणं शेवटपर्यंत झालं. साहेबांनी पोरांना पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी बोलावलं.

"अभिनंदन मास्तर! गाण्याचा तास मंजूर."

मी हरखलो. "मग उद्यापासून घेतो, सर!"

"तुम्ही नव्हे. चित्रकलेचे मास्तर घेतील."

"अहो, पण त्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही!"

"म्हणूनच तर! ते मधे पडणार नाहीत."

सांगायला फार वाईट वाटतं, पण त्या वर्षी पोरं फारच सुरेख गायली.