वाळवीनं खाल्लेली जागा

बाईंनी उभी हयात शाळेत लाल पेन चालवलं. निवृत्त झाल्या तरी हात स्वस्थ बसेना. औषधवाल्याच्या दुकानाची पाटी खडूनं दुरुस्त करून आल्या, तेव्हा तो गाऱ्हाणं घेऊन थेट भावाकडं. भाऊ बायकोला म्हणाला, "हिला कुठंतरी गुंतव बाई, नाहीतर ही माझ्या मृत्युपत्रातसुद्धा चुका काढेल."

गुंतवायची सोय घरातच होती. वहिनी दफ्तरखान्यात वर्ग चालवायची. जुने कागद जसेच्या तसे छापायला तयार करणारे संपादक तिथं घडवले जायचे. जो पास होईल त्याला जुन्या पुलाच्या बांधकामाचे कागद असलेल्या टेबलावर काम. बाईंना ते टेबल हवंच होतं. घरी बसून अंगाला गंज चढला होता.

वर्गाची रीत अशी, की जोडीनं बसायचं. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं आपली नक्कल ताडून बघायची. वाचायचं म्हणजे सगळंच. "खोडलेला शब्द. शाईचा डाग. इथं कागद फाटलाय." दारातून ऐकणाऱ्याला वाटावं, दोन खुळी एकमेकांना शिव्या देताहेत.

बाईंची खोड लवकरच उघडी पडली. पुलावरून पडून एक गवंडी मेला, त्याबद्दल मुकादमानं साहेबाला लिहिलेलं पत्र होतं. 'चूक' या शब्दापुढं वाळवीनं भोक पाडलेलं. बाईंनी तिथं झोकात लिहिलं, 'त्या गवंड्याचीच', आणि वाक्य कसं नीट बसलं म्हणून स्वतःवरच खूश.

वहिनीनं नक्कल समोर धरली. "वन्सं, हे कुणी लिहिलं?"

"मुकादमानं. सबंध पत्रात तो गवंड्याच्याच नावानं खडे फोडतोय. दुसरं काय असणार?"

"वाळवीनं खाल्लं ते तुम्ही कशाला ओकताय? मेलेल्या माणसावर आळ घातलात. तोही दुसऱ्याच्या तोंडून."

सगळ्या वर्गापुढं! त्या रात्री बाई ताटावर बसल्या, पण वहिनीच्या हातून भाकरी घेतली नाही, स्वतः उठून वाढून घेतली. भावानं ताटावरून मान वर केली नाही. दोघींच्या मधे पडायला तो काही खुळा नव्हता.

पण बोल जिव्हारी लागला होता. खरंच होतं ते. गवंडी मेला, मुकादम मेला, आणि निवाडा करून बसल्या या.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले, जाड भिंगाचे म्हातारे. बाईंपुढं दुसरं पत्र, त्यातही भोक. बाईंनी पट्टी लावून जागा मोजली आणि लिहिलं, 'एखाद-दुसरा शब्द गेला आहे.'

"संदर्भानं लागतंय की," म्हातारे म्हणाले. "भरून टाका."

बाईंची बोटं शिवशिवली. शब्द तर जिभेवर होता. पेन उचललं, ठेवलं.

"तर्क माझा आहे, तर खाली तळटीपेत माझ्या नावानं लिहिते. पत्र लिहिणाऱ्याच्या तोंडात घालणार नाही."

"आणि मी नापास केलं तर?"

"तर करा. पुढच्या वर्गाला पुन्हा बसेन. वहिनी घरचीच आहे, हाकलून कुठं देणार?"

म्हातारे हसले नाहीत. सगळी नक्कल ताडून त्यांनी मधल्या एका जागी बोट ठेवलं. दोन ओळींचा शेवट सारखाच होता, बाईंची नजर घसरली होती आणि अख्खी ओळ गळाली होती. बाईंचा चेहरा पडला. "ओळ सुटली तर ताडताना सापडते," म्हातारे कागद गोळा करत म्हणाले. "घुसवलेला शब्द एकदा छापला, की कुणाला सापडत नाही. बसा पुलाच्या टेबलावर."

 तोंडावर कौतुक करायचा वहिनीचा स्वभावच नव्हता. पण नवा वर्ग भरला, तेव्हा तिनं बाईंना टेबलावरून उठवून पोरांपुढं उभं केलं.

"या माझ्या नणंद. यांच्या हातून एखादी ओळ सुटेल, पण पदरचा शब्द पडायचा नाही. ताडायला यांच्याशी जोडी मिळाली तर नशीब समजा."

बाईंनी पदर सारखा केला आणि मान अशी काही ताठ केली, की पुढच्या बाकावरची पोरं आपोआप उठून उभी राहिली.