विचारायला कोण जाणार

आमच्या बाबांनी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. आमच्या वस्तीत, निजामपुऱ्यात, दुधाच्या रांगेत उभे राहिले तरी पुढचे दोघे-तिघे वळून ‘या सर, पुढे या’ म्हणायचे. बाबाही खुशाल पुढे जायचे. निवृत्तीनंतर शिकवायला कुणी उरलं नाही, तेव्हा त्यांची नजर आईच्या लोणच्याकडे वळली.

लोणच्याचा उद्योग आईचा, एकटीचा. लिंबाचं तिखट लोणचं. आधी ओळखीच्या मराठी घरांत बरण्या जायच्या, मग खंडेराव मार्केटजवळच्या एका गुजराती दुकानदाराने तिचा माल ठेवायला घेतला. त्या दिवशी आई रिक्षातून उतरली ती हसतच. लग्नानंतर पहिल्यांदा कुणीतरी तिला ‘सरांच्या मिसेस’ सोडून दुसऱ्या कशासाठी ओळखत होतं. तिने लेबलं छापून घेतली आणि त्यावर स्वतःचं नाव घातलं. ते इतकं ठळक बघून मला लाज वाटली होती. आता त्या लाजेचीच लाज वाटते.

वर्षभर झकास चाललं. मग एकदा दुकानदार म्हणाला, “बेन, थोडुं गळ्युं बनावो ने.” त्याच्या गिऱ्हाइकांना गोड हवं होतं. आईने गूळ घातला, तिखट कमी केलं, मीठही कमी केलं. पंधरा दिवसांत बरणीत फेस दिसू लागला. झाकण उघडलं की फस्स आवाज यायचा आणि आंबूस वास.

तिखट लोणचं आईने जन्मभर डोळे मिटून केलं होतं. गोडाचं तिला कळेना, आणि तिने ते सरळ कबूल केलं. “अहो, हे माझ्या हातातलं नाही. तुमचा तो विद्यार्थी कॉलेजात हेच शिकवतो ना? त्याला एकदा दाखवू या.”

त्या विद्यार्थ्याला बाबांनी दहावीत शिकवलेलं. पुढे तो खाद्यपदार्थ टिकवण्याच्या शास्त्राचा प्राध्यापक झाला. लहान उद्योगांना सल्लाही द्यायचा. घर आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर. बाबा ताडकन म्हणाले, “ज्याला मी आम्ल कशाला म्हणतात ते शिकवलं, त्याच्या दारात बरणी घेऊन उभा राहू? सरांना साधं लोणचं जमेना, म्हणतील लोक.”

मग त्यांनी स्वतःच सूत्रं हातात घेतली. निळा लिटमस कागद आणला. तो बरणीत बुडवायचा आणि लाल झाला की आम्हाला दाखवायचा. “बघा, आम्ल आहे. खराब होणं शक्यच नाही!” इकडे झाकणं फुगत होती. आई एकदा चप्पल घालून फाटकापर्यंत गेली आणि परत आली. “राहू दे. त्यांना कळलं तर उगाच मनाला लावून घेतील,” म्हणाली. मी तेव्हा नोकरी करत होते, मला अक्कल होती, पाय धड होते. संध्याकाळी येताना एक बरणी पिशवीत टाकून वाट वाकडी केली असती तर काही बिघडलं नसतं. पण घरात वाद नको म्हणून मीही लाल कागदाकडे बघून मान डोलावली.

दोनदा दुकानातून माल परत आला. तिसऱ्यांदा दुकानदार स्वतः घरी आला. बिचारा ओशाळून उभा होता. “बेन, हवे नहीं चाले,” आता नाही चालणार, एवढंच म्हणाला आणि चहाही न घेता गेला.

आईने उरलेलं सगळं लोणचं मागच्या अंगणात खड्डा करून पुरलं. त्यानंतर तिने लोणचं केलं नाही, घरच्यापुरतंसुद्धा नाही. आम्ही विकतचं आणू लागलो. बाबा ते मुकाट्याने खायचे. मला त्यांचा इतका राग यायचा की जेवताना त्यांच्याकडे बघवत नसे. हळूहळू आई पुन्हा सरांच्या मिसेस झाली. पुढे तर दुपारची नुसती पडून राहायची.

बाबा गेले तेव्हा तो विद्यार्थी भेटायला आला. त्याचेही केस आता पिकले होते. आई आतल्या खोलीत पडली होती. बाबांच्या फोटोपुढे तो बराच वेळ बसला, डोळे पुसले आणि मला हळूच म्हणाला, “ताई, एक सांगू? काकूंची ती गोड लोणच्याची बरणी मी दुकानातून घेतली होती. उघडताक्षणी कळलं काय चुकतंय. दोनदा तुमच्याकडे यायला निघालो. पण सरांना मी कसं सांगणार? त्यांच्या घरात जाऊन त्यांचीच चूक काढायची?”

दहा मिनिटांचा रस्ता. बाबा आपला मान सांभाळत एका टोकाला बसले, हा त्यांचा मान राखत दुसऱ्या टोकाला, आणि आईचा उद्योग मधल्या मध्ये बुडाला. मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. चहा घेणार का, असं विचारलं.

तो गेल्यावर मी आत जाऊन आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं, रडेल. निदान बाबांवर चिडेल. ती अंथरुणावर उठून बसली. इतक्या वर्षांत तिचा चेहरा असा जागा झालेला मी पाहिला नव्हता.

“मग काय चुकत होतं गं? मीठ की गूळ?”

मी विचारलंच नव्हतं.