साडूभाऊंचं काउंटर

अख्ख्या बीड जिल्ह्यात माझ्या साडूभाऊंइतका भित्रा माणूस शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याला भित्रा करण्यात साडूभाऊंचाच हात असणार. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बीडमध्ये त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. साप, विंचू, पोलीस, पुढारी, यांपैकी कशाचंच भय त्यांना नव्हतं. भय एकाच गोष्टीचं, वर आलेल्या बोल्टच्या डोक्याचं. असं डोकं दिसलं की या गृहस्थाच्या कपाळावर घाम!

त्यावर उपाय एकच, काउंटर मारणे. काउंटर म्हणजे काय, हे मला मुलगी बघायला गेलो त्याच दिवशी, चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत समजावून सांगण्यात आलं. बोल्टसाठी भोक पाडायचं, मग त्याच भोकाच्या तोंडाशी दुसरं, जास्त रुंद पण उथळ भोक पाडायचं. बोल्टचं डोकं त्या खळग्यात बसतं आणि वर काही म्हणता काही उरत नाही. "निमुळता खळगा चालत न्हाई बरं का पाव्हणं," ते माझ्याच बशीत बोट फिरवून दाखवू लागले, "त्यो चपट्या स्क्रूला. बोल्टाला बूड सपाट पायजे. डोकं घरात गेलं पायजे." माझे वडील मुलगी बघायची सोडून त्यांच्याकडेच बघत बसले. घरी येताना म्हणाले, "पोरगी चांगली हाय, पण थोरल्या जावयाला एकदा डॉक्टरला दाखवून आणायला सांगा."

लग्नात मिळालेला लोखंडी दिवाण त्यांनी तिसऱ्याच दिवशी आमच्या लिंबागणेशच्या घरी येऊन उलटा केला आणि त्याचे पाय काउंटर मारायला घेऊन गेले. आम्ही नवरा-बायको आठ दिवस सतरंजीवर झोपलो. त्यांच्या खिशात कायम हिरव्या सुती लुगड्याचा एक विटका, मऊ तुकडा असे. कुठलंही यंत्र बंद करून तो कपडा ते त्याच्या अंगाखांद्यावरून हळूहळू फिरवायचे. एक धागा जरी अडकला, तरी यंत्र गिऱ्हाइकाला मिळत नसे. गिऱ्हाईक शिव्या घालायचं, हे कपडा फिरवत राहायचे. कपिलधारला सगळे धबधब्याखाली भिजत असताना आमचे साडूभाऊ कठड्यावरून कपडा फिरवत होते. कपडा एका बोल्टला अडकला आणि आमची सहल तिथंच संपली, डबेसुद्धा गाडीत खाल्ले.

आमची कडबाकुट्टी, म्हणजे वैरण कापायचं यंत्र, त्यांनीच बनवून दिली. फिरत्या चाकावर चार बोल्ट, चारही काउंटरमध्ये गडप. वर लोखंडी जाळी होतीच, मग एवढा खटाटोप कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, "जाळी माणूस काढून ठिवतो. काउंटर काढता येत न्हाई." माझ्याकडे बघूनच म्हणाले होते की काय, देव जाणे. कारण सहा महिन्यांत जाळीत कडबा अडकतो म्हणून मी ती काढून गोठ्यामागं टाकली. पुढं एक बोल्ट ढिला होऊन कुठंतरी पडला, तर दुसरा आणायला बीडला कोण जातं! घरातला साधा, मोठ्या डोक्याचा बोल्ट रात्री ठोकून बसवला. त्याचं डोकं खळग्यात मावेना, अर्धं बोट वरच राहिलं. राहू दे म्हटलं, काय होतंय.

दुसऱ्याच दिवशी साडूभाऊंना पोटाच्या ऑपरेशनसाठी अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं आणि त्यांच्यापाशी मी थांबलो. दुपारी ते म्हणाले, "पाव्हणं, कुट्टीवरनं कपडा फिरवताव न्हवं?"

"फिरवतो की," मी धडधडीत खोटं बोललो.

त्यांनी उशाखालून तो हिरवा तुकडा काढला. "ह्यो माझ्या आईचा पदर हाय. पहिली कुट्टी मी तिच्यासाटीच बनिवली. बोल्टाचं डोकं एवढंसं वर होतं." त्यांनी नखाएवढं माप दाखवलं. "पदर गुतला आन् उजवा हात गेला तिचा, कोपरापासून. पुढं वीस वरीस एका हातानं भाकरी थापली. मला एक सबूद बोलली न्हाई. बोलली असती तर बरं झालं असतं."

घड्याळात पाच वाजत आले होते. पाच वाजता माझी बायको म्हशींना वैरण कापायला कुट्टी चालू करते, पदर खोचायचा कायम विसरते. मी बाहेर पळालो आणि फोन लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला. परत. तेव्हा मला कळलं की हा माणूस इतकी वर्षं काय पोटात घेऊन फिरत होता, आणि आम्ही त्याला हसत होतो. देवा, तिचे हात राहू दे, एवढंच मी म्हणत होतो. सातव्या वेळेला तिनं फोन उचलला.

"काय जीव खाताव? गोठ्यात हाय मी."

"कुट्टी... चालू केलीस?"

"कशी करू? दाजींनी सांगितल्यागत आधी कपडा फिरिवला तर अडकला की चाकाला! कुणी बसिवला ह्यो बोल्ट?"

मी दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. आत गेल्यावर साडूभाऊंनी माझं तोंड बघितलं. मीच सगळं सांगितलं, खोटं बोललो तेही. ते म्हणाले, "हात हाईत ना तिचे?"

"हाईत."

"मग झालं," म्हणाले आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते.

ऑपरेशन नीट झालं, त्यानंतर चार वर्षं ते जगले. वर्कशॉप आता बंद आहे. हिरवा तुकडा थोरल्या मेव्हणीनं माझ्याकडे दिला. रोज पाचच्या आधी मी तो कुट्टीवरून फिरवतो. चारही बोल्ट खळग्यात आहेत, जाळीही जागेवर आहे, कपडा कुठंच अडकत नाही. बायको वैरण घेऊन उभी असते, म्हणते, "झालं की आता." मी हो म्हणतो, आणि परत एकदा फिरवतो.