शेलारचं सार

माझी बदली लडाखला झाली. यजमान फौजेत असताना वारले, त्यांच्यामागे मला मिलिटरी हॉस्पिटलात आयाची नोकरी मिळाली होती. शिक्षण चौथी. बंदूक कधी धरली नाही. बेडपॅन धरले.

आता अबू धाबीला, खलिफा सिटीत लेकाकडे असते. सून पालक आणते, तो म्हणे इथेच थंड शेडमध्ये दिव्याखाली पिकतो. नात म्हणते, "आजी, इट्स लोकल. इट्स सेफ." मी विचारते, कुणी लावला, कुणी तोडला? कुणाला ठाऊक नसतं. मला अशा पाल्याचा भरवसा नाही. का, ते सांगते.

लडाखात बर्फ पडलं की रस्ता बंद. मग डब्यातलं खायचं. गावातले लोक खड्ड्यात पुरलेले सलगम आणि वाळवलेला पाला खात. बर्फ वितळू लागलं की डोंगरात पहिला हिरवा पाला फुटे. गावातली डोलमा तो आणून लंगरात, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, देई आणि बदल्यात रॉकेल नेई. लंगरचा कुक नायक शेलार साताऱ्याकडचा. मला मावशी म्हणायचा. हिरवं दिसलं की लग्नघरासारखा खूश.

एका दुपारी पुढच्या पोस्टवरून वायरलेस आला.

"पाच केस. उलट्या, पोटात मुरडा. एक सीरियस. खाली पाठवतोय. ओव्हर."

सीरियस होता शेलार. डोलमाचा पाला घेऊन तो आदल्या दिवशी तिथे रांधायला गेला होता. आमच्याकडे आणल्यावर त्याला मोठ्या हॉस्पिटलात न्यायला हेलिकॉप्टर मागवलं, पण वाऱ्यामुळे ते उतरलं नाही.

सुभेदारसाहेबांनी डोलमाला आणून हॉस्पिटलच्या बाकावर बसवलं. बॉर्डर जवळ, बाई पलीकडच्या नात्यागोत्याची. संशय यायला एवढं पुरतं. मलाही आला. बाई रडत नव्हती, हे मला बरं वाटलं नाही. काहीही विचारलं तरी ती मोडक्या हिंदीत एवढंच म्हणे, "पानी फेंका था?"

सुभेदार म्हणाले, बाई आता सबबी शोधते आहे. संध्याकाळी पोलिसांकडे द्यायचं ठरलं.

मी शेलारचं तोंड पुसत होते तेव्हा डोक्यात आलं. आमच्याकडे भाजीचं पाणी कोण फेकतं? डाळीचा कट काढून आमटी करणारी माणसं आम्ही. डोलमाच्या गावात तो पाला उकळून, पिळून, पाणी लांब ओतताना मी पाहिलं होतं. शेलारने ओतलं असेल? मला खात्री नव्हती. त्याला विचारलं.

तो म्हणाला, "त्याचं सार केलं, मावशी. लसणाची फोडणी दिली. पोरांना वाटी वाटी दिलं. उरलेलं मी प्यालो."

"तिने सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं. मला वाटलं, बाईला चव कळत नाही."

मी त्याला स्पष्ट सांगितलं. हे साहेबांना बोललास तर दोष तुझा. इन्क्वायरी होईल, बायकोच्या पेन्शनला अडचण येईल. गप्प राहिलास तर ती बाई जाईल.

तो उशीवरून मान उचलून म्हणाला,

"मेजरसाहेबांना बोलवा. माझी जीभ चालतेय तोवर."

मेजरसाहेब आले. शेलारने सगळं सांगितलं, वाक्य तुटत होतं तरी. साहेबांनी एकदाच विचारलं, "शुअर?" तो म्हणाला, "जी साब. बाईला सोडा." सुभेदारांनी स्वतः डोलमाला गेटपर्यंत नेलं. माफी मागितली की नाही, मला माहीत नाही. मागितली नसावी.

शेलार सकाळी गेला. बाकीचे चौघे बरे झाले. इन्क्वायरीत चूक त्याचीच निघाली. बायकोला पेन्शन मिळाली, पण पुष्कळ खेटे घालून.

युनिटच्या दगडावर गोळीने आणि बर्फात गेलेल्यांची नावं आहेत. त्याचं नाही. जवान हसून म्हणत, कुक स्वतःचंच सार पिऊन मेला. खरंच आहे ते. पण मरता मरता त्याने त्या बाईला सोडवलं, तेही खरं आहे आणि ते मी पाहिलं आहे. दगडावर जागा नव्हती, म्हणून इथे लिहिते: नायक बाबाजी शेलार, कुक.