साहेबरावांचा उजवा हात

हौशी नाटकात प्रॉम्प्टर झालात की लोकांच्या विसरण्याचे किस्से आपोआप साठत जातात. नागापूर एमआयडीसीतल्या आमच्या ग्रुपमध्ये मी स्क्रिप्ट धरून विंगेत उभा असतो आणि माणसाचं डोकं कसं चालतं, किंवा चालत नाही, ते फुकटात बघतो!

*

मंदाताई आमच्या नाटकातल्या आई. त्यांचं पाठांतर मालगाडीसारखं, मधला डबा सुटला की पुन्हा इंजिनापासून सुरुवात! राहात्याच्या प्रयोगात कुणाचा तरी मोबाईल वाजला. ताई थबकल्या आणि थेट प्रवेशाच्या पहिल्या वाक्यावर गेल्या. त्यांचा मुलगा झालेला सदा तोवर मरून पडला होता. बिचारा उठला, सगळं बोलला, परत मेला.

दिग्दर्शक जोशी सर म्हणाले, "दुसऱ्यांदा बरा मेलास!"

*

त्याच प्रयोगात पडद्याची दोरी तुटली होती. "पडदा मी हातानं धरला," असं आज ग्रुपमधला प्रत्येकजण छातीठोकपणे सांगतो. विन्यासुद्धा!

"अरे, तू ग्रुपमध्ये आलास नंतर!"

"मग मला इतकं स्पष्ट कसं दिसतंय?" विन्या उलट माझ्यावरच चिडला.

*

आता साहेबराव. कारखान्यात लेथ मशीनवर असतात. नाटकात कायम गर्दीतला माणूस. यंदा स्पर्धेसाठी पहिल्यांदाच मोठा रोल मिळाला, न्यायाधीशाचा. निकालाचं हे लांबलचक भाषण! मशीनवर काम करता करता घडाघडा म्हणायचे, पण तालमीत खुर्चीवर बसले की ठप्प!

"आता अडकलात तर रोल सदाला," सर कडाडले.

"सर, असं नका करू वो. बायको पहिल्यांदाच नाटक बघाया येनार हाय. लई हौसेनं सांगितलंय तिला." त्यांनी हातच जोडले. मलाच कसंतरी झालं. सर विरघळले.

स्पर्धेचा दिवस. साहेबराव खुर्चीवर बसले आणि ब्लँक! मी विंगेतून घसा फोडतोय, पण त्यांना काही ऐकू जाईना. सरांनी डोकं धरलं.

तेवढ्यात साहेबरावांचा उजवा हात उचलला गेला आणि हवेतच गोल गोल फिरायला लागला. लेथचं हँडल! लगेच भाषण सुरू! एवढा खणखणीत आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. शेवटचं वाक्य झालं, हात थांबला आणि टाळ्यांनी थिएटर दणाणलं. अभिनयाचं पहिलं बक्षीस साहेबरावांना!

मी धावतच त्यांच्या बायकोकडे गेलो. "वहिनी, तो हात बघितलात का?"

"बघितला की! घरी जेवताना बी तसाच फिरतोय," वहिनी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "आन् मी येडी, वात समजून रोज तेल चोळतीय!"